विषाणूचा नंबरही छापा

महोदय,

आपल्या आरोग्य पुरवणीतला ‘तोंडातली गाठ आणि एचपीव्ही’ (म्हणजे चामखिळी आणि काही कर्करोगांना कारणीभूत ठरणारा ह्यूमन पॅपिलोमा विषाणू) हा लेख वाचून धास्तावलेल्या दोन नातेवाइकांचे मला फोन आले. कारण तीन वर्षांपूर्वी मीही त्यातून गेलो आहे. दात घासताना आरशात पडजिभेच्या शेजारी पांढुरका, फ्लॉवरच्या तुऱ्यासारखा कोंब दिसला. तांदळाच्या दाण्याएवढाच, बारीक देठावर डोलणारा. दुखत नव्हता, पण बॅटरी घेऊन दिवसातून दहा वेळा पाहायचो. शेवटी तो काढून तपासायला पाठवला. अहवालात शब्द होता ‘स्क्वॅमस पॅपिलोमा’. म्हणजे निरुपद्रवी चामखीळच. परत उगवली नाही.

लेखात एचपीव्ही हा जणू एकच विषाणू आहे. प्रत्यक्षात त्याचे दोनशेहून जास्त प्रकार आहेत आणि ते नावाने नव्हे, नंबराने ओळखले जातात. माझ्यासारख्या पॅपिलोमात सहसा ६ आणि ११ सापडतात. हातावरच्या चामखिळी चावणाऱ्या मुलांच्या ओठांवर किंवा जिभेवर येतात त्या बहुधा २ आणि ४ नंबरच्या. १३ आणि ३२ मुळे गालाच्या आतल्या बाजूला, ओठांवर मऊ, चपटे उंचवटे येतात. त्याला हेक रोग म्हणतात. तो मुलांमध्ये आणि काही विशिष्ट जमातींत जास्त दिसतो व बऱ्याचदा आपोआप जिरतो. टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होणाऱ्या कर्करोगाशी ज्याचं नाव जोडलं जातं तो १६ नंबर. आपल्या लेखात नेमका हाच नंबर गाळलेला आहे!

माझ्या गाठीत कोणता नंबर होता, हे कुणी तपासलं नाही. तशी गरजही नव्हती, पेशी साध्या आहेत एवढं सूक्ष्मदर्शकाखाली कळलं. आणखी एक. गाल दाताखाली येऊन येऊन जी गुळगुळीत गाठ होते, तिच्यात विषाणूचा काही हात नसतो. तोंडात सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच, तिचा लेखात उल्लेखच नाही.

फोन केलेल्यांपैकी एकजण आता ‘निदान ऐकायलाच नको’ म्हणून डॉक्टरकडे जायला तयार नाही. त्याच्या गालातली गाठ महिन्याभरापासून आहे. दोन आठवड्यांत न गेलेली कोणतीही गाठ दाखवायलाच हवी, हे त्याला पटवतोय. पुढच्या पुरवणीत नंबरांसह खुलासा आला, तर माझं काम सोपं होईल.

– एक वाचक