गवळाऊची रेतमात्रा कधी मिळणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘आता गाईला कालवडच होणार’ अशा थाटाच्या बातम्या अलीकडे वरचेवर वाचायला मिळतात. लिंग विनिश्चित रेतमात्रांबद्दलच्या, म्हणजे बहुतांश कालवडीच व्हाव्यात म्हणून निवडलेल्या वळूच्या रेताबद्दलच्या या बातम्या खोट्या नाहीत, पण अर्ध्या आहेत. मी निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांतल्या खेड्यांत गोठवलेले रेत ठेवायचा नायट्रोजनचा कॅन मोटारसायकलला बांधून नोकरी केली. उरलेली अर्धी बाजू, म्हणजे आपल्या भागातल्या गवळाऊ गाईची बाजू, मांडण्यासाठी हे पत्र.

आधी तंत्राबद्दल. वळूच्या ज्या शुक्राणूत एक्स गुणसूत्र असते, त्यापासून कालवड होते; वाय असेल तर गोऱ्हा. एक्सवाल्यात वायवाल्यापेक्षा जेमतेम ४ टक्के डीएनए जास्त असतो. एवढ्याशा फरकावर सगळा खेळ. शुक्राणूंना रंगद्रव्य लावायचे, लेझरच्या झोतासमोरून एकेक थेंब सोडायचा, जास्त चमकला तो एका बाजूला, कमी चमकला तो दुसऱ्या. या धावपळीत बरेच शुक्राणू वाया जातात, उरलेल्यांचाही दम जातो. नेहमीच्या स्ट्रॉमध्ये, म्हणजे रेताच्या बारीक नळीत, २ कोटींच्या आसपास शुक्राणू असतात, या स्ट्रॉमध्ये साधारण २० लाख. जन्मलेल्या शंभर वासरांत नव्वदच्या आसपास कालवडी निघतात हे खरे, पण त्याआधी गाय गाभण राहायला हवी, आणि तिथे यश नेहमीपेक्षा कमीच. पहिल्यांदा माजावर आलेली, अंगाने भरलेली कालवड असेल तर बेलाशक वापरा. सतत उलटणाऱ्या, म्हणजे भरूनही गाभण न राहणाऱ्या गाईवर ही महागडी मात्रा खर्च करू नका. शिवाय दहातला एखादा गोऱ्हा होणारच, हे मालकाला आधी सांगितले नाही तर नऊ महिन्यांनी भांडण ठरलेले.

शेतकऱ्याला कालवड का हवी, हे कळायला पुस्तक लागत नाही. काटोलकडचे एक म्हातारे शेतकरी मला म्हणाले होते, “डाक्टरसाहेब, गोऱ्हा झाला तं मी त्याले बांधू कुठं, चारू काय?” ट्रॅक्टर आला, बैलजोडीचे काम आटले, आणि २०१५ पासून हत्याबंदीचा कायदा बैलांनाही लागू झाला. संकरित गोऱ्ह्याला तर कुणी फुकटही नेत नाही. त्यामुळे मात्रेची मागणी रास्त आहे, माझा तिला विरोध नाही.

प्रश्न आहे तो मात्रा कोणत्या वळूची, हा. एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन), जर्सी, गीर, साहिवाल आणि म्हशीत मुऱ्हा, फिरून फिरून हीच नावे. आमच्या भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा एचएफ गाय चारा सोडते आणि धापा टाकत उभी राहते. हिंगण्याकडे मी असा गोठा पाहिला आहे की मालकाच्या बाजेजवळ पंखा आणि गाईंना कूलर! गीर ऊन सोसते, चांगलीच गाय आहे, पण ती सौराष्ट्राची. आपल्या मातीतली गाय म्हणजे गवळाऊ. वर्धा जिल्ह्यातला आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा पट्टा, आणि नंद गवळ्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. पांढरी-करडी, लांबोडक्या तोंडाची, आखूड शिंगांची, पायाने हलकी. मराठ्यांच्या फौजांची रसद याच जातीच्या बैलांनी वाहिली, आणि आजही शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, तिचेच गोऱ्हे पळतात. दूध दोन-तीन लिटर, म्हणून हिशेबी माणूस तिच्याकडे पाहत नाही.

आता गणित करा. गवळाऊ गाईला गीर भरली की वासरात गवळाऊ निम्मी उरते. त्या वासराला पुन्हा गीर, की पाव. पुढच्या पिढीला अर्धपाव. हे पूर्वीही चालायचे, पण तेव्हा निम्मी वासरे गोऱ्हे असायची आणि त्यांची बहुधा खच्ची व्हायची. त्यांच्यापाशी ते मिश्र रक्त थांबायचे. आता जवळजवळ प्रत्येक वासरू कालवड, म्हणजे प्रत्येक वासरू उद्याची आई, आणि तिलाही तीच परकी मात्रा. ज्या वेगाने आपण दूध वाढवू पाहतो त्याच वेगाने जात पुसली जाते. वेग वाढवणाऱ्या तंत्राला दिशा लागते. ती तंत्राने नव्हे, पैदास धोरणाने द्यायची असते.

उलट गवळाऊवाल्याला तर कधीकधी गोऱ्हाच हवा असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या मे महिन्यात बैलांच्या शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तेव्हापासून पटाच्या जोडीला पुन्हा भाव आला आहे. लेझरचे यंत्र एक्स आणि वाय दोन्ही वेगळे काढू शकते. मग गवळाऊच्या निवडक वळूंच्या दोन्ही प्रकारच्या मात्रा का करू नयेत? गाय दाव्याला टिकायची असेल तर मालकाला तिच्यापासून चार पैसे सुटले पाहिजेत, मग ते कालवडीतून सुटोत की गोऱ्ह्यातून.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी आपल्याच वाशीम जिल्ह्यात पंतप्रधानांनी देशी गोवंशासाठी ‘गौचिप’, म्हशींसाठी ‘महिषचिप’ आणि स्वदेशी लिंग विनिश्चित तंत्र यांचे लोकार्पण केले. ही डीएनए तपासायची चिप फार मोलाची आहे. वासराच्या रक्ताच्या किंवा केसाच्या नमुन्यावरून ते पुढे कसे निघेल, याचा अंदाज लहानपणीच बांधता येतो. एरवी एका वळूची परीक्षा त्याच्या मुली दुधावर येईपर्यंत लांबते, आणि त्यात पाच-सहा वर्षे सहज जातात. पण चिप डीएनएवरची अक्षरे वाचते, त्यांचा अर्थ लावायला त्या जातीच्या हजारो गाईंच्या दुधाच्या नोंदी लागतात. नोंदी नसलेली चिप म्हणजे धान्य न टाकता फिरवलेले जाते. गीर, साहिवाल, मुऱ्हा यांच्या नोंदी वर्षानुवर्षे होत आल्या आहेत. गवळाऊच्या गोठ्यात सकाळ-संध्याकाळ काटा घेऊन कोण उभे राहिले? गाईच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे, पण त्या आकड्यापुढे दुधाचा रकाना कोरा.

नागपुरी म्हशीचीही तीच गत. तलवारीसारखी, मागे खांद्यापर्यंत वळलेली ती शिंगे आता गावोगाव शोधावी लागतात, कारण दावणीत मुऱ्हाचे रक्त शिरले आहे. तिच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवे, इथे जागा नाही.

पैशाच्या नावाने रडण्यासारखे हे काम नाही. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडीला गवळाऊचे सरकारी पैदास केंद्र आहे. सेमिनरी हिल्सवर पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पशुविज्ञान विद्यापीठ नागपुरातच आहे. आर्वी, कारंजा, काटोल, नरखेड या तालुक्यांतली निवडक गावे घ्या, तिथल्या शिकलेल्या मुला-मुलींना दर नोंदीमागे मोबदला द्या आणि महिन्यातून एकदा दूध मोजून घ्या. पहिल्या वेतानंतरच चांगल्या गाई हाताशी येतील, त्यांचे गोऱ्हे वळू म्हणून निवडता येतील. शिवाय ज्या गावात शुद्ध गवळाऊ आहे, तिथल्या दवाखान्यातून त्या गाईंना परकी मात्रा देऊ नये, असा साधा आदेश तर उद्याही निघू शकतो.

पशुसंवर्धन विभागाला माझे दोनच प्रश्न आहेत. गवळाऊ वळूंच्या लिंग विनिश्चित मात्रा या चार तालुक्यांच्या दवाखान्यांत कोणत्या महिन्यापासून मिळतील? आणि गवळाऊच्या किती गाईंच्या दुधाची नोंद आज विभागाकडे आहे? उत्तर आले तर याच सदरात छापावे, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
मानेवाडा, नागपूर