हिमोफिलिया म्हणजे माहेरचा दोष नव्हे

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार,

१७ एप्रिलला हिमोफिलिया दिनाची, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराच्या दिवसाची, चौकट आपल्या पेपरात आली, बरं वाटलं, पण वर ठळक अक्षरात ‘आईकडून मुलाला होणारा आजार’ असं होतं आणि ते वाचून माझी ताई दिवसभर गप्प होती. म्हणून हे पत्र.

माझा भाचा नऊ वर्षांचा आहे. दीड महिन्याचा असताना लसीचं इंजेक्शन दिलं तर मांडी टम्म सुजली, काळीनिळी पडली, आधी सगळे म्हणाले नर्सने नीट दिलं नसेल, मग तपासण्या झाल्या आणि रक्त गोठवायला लागणारं प्रथिन, फॅक्टर ८, एक टक्क्याच्याही खाली निघालं. तेव्हापासून ताईच्या सासरी एकच वाक्य, आमच्या घराण्यात असलं काही नव्हतं, हे माहेरून आलं. पहिली मुलगी झाली तेव्हाही बोल तिलाच लावला होता. अहो, मुलगा-मुलगी ठरवणाऱ्या एक्स आणि वाय या गुणसूत्रांपैकी आईकडे दोन्ही एक्सच असतात, ती दुसरं देणार काय, वाय फक्त बापाकडे असतो, मुलगा की मुलगी ते त्याच्या शुक्राणूवर ठरतं.

फॅक्टर ८ चा जीन एक्सवर असतो आणि मुलाला एक्स आईकडूनच येतो, हे खरं आहे, नाकारत नाही. मुलाकडे एक्स एकच, त्यात बिघाड असला की सांभाळून घ्यायला दुसरा नसतो. कॅरिअर, म्हणजे एका एक्सवर बिघडलेला जीन असलेल्या, आईच्या प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता ५० टक्के, प्रत्येक मुलीला कॅरिअर असण्याची ५० टक्के. उलट हिमोफिलिया असलेल्या बापाचे मुलगे त्याच्या आजारातून सुटतात कारण त्यांना त्याचा वाय मिळतो, मुली मात्र सगळ्या कॅरिअर.

पण साधारण एक तृतीयांश पेशंटच्या घरात आधी कुणालाच हा आजार नसतो, बदल नव्यानेच झालेला असतो. आमच्याकडे ताई कॅरिअर निघाली, आईची टेस्ट नॉर्मल आली. रक्ताच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं की भाच्याच्या बाबतीत जीनचा एक मोठा तुकडा उलटा होऊन बसलाय, सिव्हिअर पेशंटपैकी जवळपास निम्म्यांना हेच असतं, आणि हे उलटं होणं बहुतेक वेळा पुरुषाच्या शरीरात शुक्राणू तयार होताना घडतं. म्हणजे बहुधा आमच्या आबांकडे, ताईच्या नि माझ्या वडिलांकडे, ज्यांना स्वतःला कधी काही झालं नाही. आबा ते ऐकून रडले. कितीतरी दिवस त्यांना समजावत होतो की पेशीच्या आत काय होतं ते कुणाच्याच हातात नसतं.

आणि मुलींचं तर चौकटीत काहीच नव्हतं. मेरी लायन या शास्त्रज्ञ बाईंनी १९६१ मध्येच मांडलं होतं की मादीच्या पेशींत दोनपैकी एक एक्स बंद पडतो, कुठे आईचा, कुठे बापाचा. चांगला एक्स जास्त पेशींत बंद पडला तर कॅरिअर मुलीचाही फॅक्टर खाली जातो. माझी भाची चौदा वर्षांची, पाळीत आठ-आठ दिवस भरपूर रक्त जायचं, सगळे म्हणायचे या वयात होतं असं, दोन वर्षं नुसत्या लोहाच्या गोळ्या खात होती पोर. शेवटी टेस्ट केली तर फॅक्टर २८ टक्के, नॉर्मल ५० च्या वर असतो.

पुढच्या वर्षी चौकट कराल तेव्हा कृपा करून एवढं छापा, की आईकडच्या नात्यातल्या बायकांनी, म्हणजे पेशंटच्या बहिणी, मावश्या, मावसबहिणींनी, दात काढायच्या, ऑपरेशनच्या, बाळंतपणाच्या आधी फॅक्टर लेव्हल बघून घ्यावी, पेशंटला ॲस्पिरिन देऊ नये, आणि दंडात किंवा मांडीत इंजेक्शन घ्यायच्या आधी डॉक्टरांना आजार सांगावा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलिया आहे, तेही बऱ्याच आईबापांना माहीत नसतं.

माझीही टेस्ट झाली, मी कॅरिअर नाही. भाचीची गोष्ट मात्र लपवून ठेवा, पुढे लग्नाला अडचण येईल, असं आत्ताच दोघातिघांनी ताईला सांगितलंय. चौदा वर्षांची आहे हो ती.

आपली नियमित वाचक,
एक मावशी, सातारा