ॲग्नेस क्लार्क यांचे नाव राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीतील 'खगोलशास्त्रातील स्त्रिया' हा लेख आवडला. मात्र त्यात शोध लावणाऱ्यांचीच दखल घेतल्यामुळे खगोलशास्त्रावरील लेखिका ॲग्नेस मेरी क्लार्क (१८४२–१९०७) राहून गेल्या, हे खटकले.

आयर्लंडमधील स्किबरीनच्या या मुलीचे शिक्षण घरीच झाले. वडील बँकेत होते, पण बागेत त्यांची चार इंची दुर्बीण होती. शनीची कडी आणि गुरूचे चंद्र तिने त्या दुर्बिणीतून पाहिले. पुढे इटलीत दहा वर्षे राहून, फ्लॉरेन्सच्या ग्रंथालयात भरपूर वाचन करून त्या १८७७ मध्ये लंडनला आल्या.

तो काळ खगोलशास्त्राच्या उलथापालथीचा होता. १८५९ नंतर वर्णपटाच्या, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशातील रंग वेगळे केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्याच्या, अभ्यासामुळे, तारा कोठे आहे एवढेच सांगणारे हे शास्त्र तो कशाचा बनला आहे हेही सांगू लागले होते; पण ते सारे निरनिराळ्या भाषांतील नियतकालिकांत विखुरलेले होते. क्लार्क यांनी ते मुळातून वाचून, पारखून, १८८५ साली एकोणिसाव्या शतकातील खगोलशास्त्राचा लोकसुलभ इतिहास सिद्ध केला. मजकुरात गणिताचा अडसर नाही, आणि तळटिपांत मात्र मूळ निबंधांचे दाखले आहेत. त्यामुळे तो सामान्य वाचकांइतकाच खगोलशास्त्रज्ञांच्याही उपयोगी पडला. १९०२ पर्यंत त्याच्या चार आवृत्त्या निघाल्या. याला केवळ 'सोपे करून सांगणे' म्हणणे मला तरी अन्यायाचे वाटते.

त्या चुकल्याही. आकाशगंगेच्या तोडीची दुसरी तारकासृष्टी एखाद्या तेजोमेघात (आकाशात धूसर ढगासारख्या दिसणाऱ्या ठिपक्यात) असेल, असे कोणीही जाणता विचारवंत आता म्हणणार नाही, असे त्यांनी १८९० मध्ये ठामपणे लिहिले आणि १९२० च्या दशकात खगोलशास्त्रज्ञ एडविन हबल यांच्या निरीक्षणांनी ते खोटे ठरवले. अर्थात त्या काळी बहुतेक तज्ज्ञांचे मत तेच होते.

स्त्रियांना ब्रिटनमधील खगोलशास्त्रज्ञांच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी या संस्थेचे फेलो, म्हणजे पूर्ण सदस्य, होता येत नसे (ती मुभा १९१६ मध्ये मिळाली), म्हणून १९०३ मध्ये क्लार्क आणि खगोलशास्त्रज्ञ मार्गारेट हगिन्स यांना सन्माननीय सदस्यत्व देण्यात आले. चंद्रावरील एका लहानशा विवरालाही आज क्लार्क यांचे नाव आहे.

पुरवणीत जागा होईल तेव्हा त्यांच्यावर स्वतंत्र लेख यावा, ही विनंती.

आपली,
एक नियमित वाचक