म्हाताऱ्याच्या वाढदिवसाआधी

बडोदे,
१६ सप्टेंबर २०२५

प्रिय अव्या,

तुझे चार मिस्ड कॉल आणि "जिवंत आहेस का रे?" हा एक मेसेज, एवढं कर्ज माझ्या डोक्यावर आहे. जिवंत आहे. बीपीची गोळी अर्धी होती ती आता अख्खी झाली, गुडघा कुरकुरतो, स्मिताचं थायरॉइड आहे तिथेच आहे. झालं तब्येतीचं.

येत्या शनिवारी वीस तारीख, म्हणजे आपल्या म्हाताऱ्याचा, 'गेम ऑफ थ्रोन्स' सिरियलमागची पुस्तकं लिहिणाऱ्या जॉर्ज आर. आर. मार्टिनचा वाढदिवस. तू फोन करणार, "म्हातारा कसा आहे?" म्हणणार. यंदाही उचलला नाही तर पितृपंधरवड्यात माझंही पान वाढून मोकळा होशील. म्हणून आधी पत्र. फोनवर हे सांगणं जमणार नाही, तू मध्ये मध्ये बोलतोस.

गेल्या वर्षी वीस सप्टेंबरला मी फोन घेतला नाही आणि दोन दिवसांनी "फोन पुरात गेला" असा मेसेज टाकला. अव्या, फोन कुठेही गेला नव्हता. शर्टाच्या वरच्या खिशात होता, कोरडा ठणठणीत. (मग हा मेसेज त्याच नंबरावरून कसा आला, हे तू विचारलंही नाहीस. कलाभवनने तुला डिग्री कशी दिली कोण जाणे.) मला तुझ्याशी बोलायची लाज वाटत होती.

पुराचे फोटो तुला पाठवले होतेच. त्यात जे नव्हतं ते आता लिहितो. जन्माष्टमीला पाऊस थांबेना आणि दुसऱ्या दिवशी विश्वामित्री आमच्या समाच्या गल्ल्यांत शिरली. धोक्याची खूण २५ फुटांची, ही बया तिच्याही वर दहा-बारा फूट चढली. मगर आमच्या फाटकाशी आली नव्हती, ती पलीकडच्या सोसायटीत. काकूंना तेवढं सांग, त्या उगाच सगळ्यांना आमच्याच घरात मगर शिरली म्हणून सांगत सुटल्या आहेत असं कानावर आलंय.

आम्ही तिघं वर शहाभाईंकडे. दोन रात्री वीज नाही. मेणबत्त्या, थेपले, छुंदा आणि त्यांची दोन पोरं. पोरांच्या लॅपटॉपमध्ये थोडी बॅटरी शिल्लक होती, आणि त्यात उतरवून ठेवलेलं काय होतं ते तूच ओळख. मोठा मला म्हणाला, "काका, आवो ने, छेल्लो एपिसोड छे."

पुस्तकाआधी सिरियलमधून शेवट कळायला नको म्हणून मी खिडकीकडे तोंड करून बसलो. संध्याकाळ होती. खाली पार्किंगमध्ये माझ्या अ‍ॅक्टिवाचा फक्त उजवा आरसा पाण्याबाहेर होता आणि त्यावर एक झुरळ मिशा हलवत बसलं होतं. मी त्या झुरळाकडे बघत राहिलो आणि दोन्ही कानांत बोटं घातली. पन्नाशीला टेकलेला माणूस, दुसऱ्याच्या घरी, कानांत बोटं घालून. स्मिताने माझा एक हात ओढून काढला आणि म्हणाली, "शहाभाभींना वाटतंय, तुम्ही पाण्याला घाबरलात."

मला जिन्यात जाऊन बसता आलं असतं. वरचा अख्खा जिना कोरडा होता. पण मी वळलो. कुणी बळजबरी केली नाही, चुकून नजर गेली नाही. सरळ मान वळवली आणि बघत बसलो. आणि पडद्यावर तेव्हा

ही ओळ खोडली आहे. उजेडासमोर धरून वाचायला जाऊ नकोस, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

शेवट यायच्या आत बॅटरी संपली. पोरं ओरडली. मला वाटलं, चला, थोडक्यात वाचलो. पण खरं पाप त्याच्या पुढे आहे. वीज आली तेव्हा पहिल्यांदा मोटर बघायची, ताईला फोन करायचा, फ्रिज उघडून नाक दाबायचं. मी काय केलं? घोटाभर चिखलात उभं राहून, एका हातात खराटा आणि दुसऱ्यात फोन, उरलेलं शोधून वाचलं. सगळं. कोण, कुठे, कुणाच्या हातून.

आणि तू! मे २०१९ मध्ये तू काय केलं होतंस ते मला आठवतं. वीस तारखेला, सोमवारी सकाळी साडेसहाला तो शेवटचा भाग इकडे लागणार म्हणून तू फोन बंद करून भीमाशंकरला जाऊन राहिलास. एक आठवडा. घरात कुणीतरी गेलं असं समजून तुझ्या ऑफिसातली माणसं वैशालीवहिनींना भेटायला आली. त्याआधी २०१६ पासून, म्हणजे जानेवारीत म्हाताऱ्याने पुस्तक वेळेत झालं नाही, सिरियल पुढे जाणार असं कबूल केलं तेव्हापासून, तू दर सोमवारी ऑफिसात कानाला हेडफोन लावून चहा प्यायचास. त्यात गाणंही नसायचं. सहा वर्षं झाली, साऱ्या जगाला माहीत आहे आणि तुला माहीत नाही. एवढा निग्रह तर आमच्या आजीच्या चातुर्मासातही नव्हता.

आजीवरून आठवलं. ती कादंबरी मागून वाचायची. "आधी तो मेला की वाचला ते बघते, मग निवांत वाचते," म्हणायची. शेवट माहीत नसताना तिला झोपच यायची नाही. केतकी मानसशास्त्र शिकतेय ना एम. एस. विद्यापीठात, तिचं म्हणणं पणजीच बरोबर होती. २०११ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विद्यापीठात दोघांनी लोकांना बारा कथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून. शेवट माहीत असणाऱ्यांना गोष्ट उलट जास्त आवडली म्हणे. मी तिला विचारलं, त्या बारा कथांसाठी ते लोक किती वर्षं थांबले होते? टेबलावर आणून ठेवलेली गोष्ट आणि तिचं वय आहे त्यातली चौदा वर्षं वाट बघितलेली गोष्ट, दोन्हीला एकच पट्टी कशी? तर ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला पुस्तक नकोच आहे, तुम्हाला वाट बघायला आवडतं." कॉलेजची फी मी भरतो.

वाट म्हणशील तर बघितलीच की. पहिलं १९९६, मग १९९८, मग २०००, इथवर माणूस शहाण्यासारखा वागला. मग पाच वर्षं, मग सहा, आणि २०११ नंतर शुकशुकाट. अजून डॉसवर, वर्डस्टारमध्ये लिहितो म्हणून तू म्हणायचास की सहावं पुस्तक फ्लॉपीत अडकलंय आणि आता फ्लॉपी ड्राइव्ह कुणाकडे मिळत नाही. शनिवारी त्याला ७७ पूर्ण होतील. आपण दरवर्षी त्याची खुशाली एवढ्या आपुलकीने का विचारतो हे त्याला कळलं तर तो आपल्याला दारात उभं करणार नाही. पण ते चाकवाले, 'व्हील ऑफ टाइम' लिहिणारे रॉबर्ट जॉर्डन मालिका अपुरी ठेवून २००७ मध्ये गेले तेव्हा तू रात्री अकराला फोन केला होतास. शेवटचं पुस्तक २०१३ मध्ये आलं, दुसऱ्याने पुरं करून दिलेलं. तू म्हणालास, "दत्तक शेवट." त्या दिवसापासून तुझं हे वाढदिवसाचं खूळ सुरू झालं.

आता तुझ्यावर उलटतो, कारण नुसताच गुन्हेगार होऊन बसायचा मला कंटाळा आला. तिसरं पुस्तक दोन भागांत. पहिला मी घेतला, दुसरा तू, पैसे वाचवायचे म्हणून. तू दुसरा भाग तीन आठवडे दाबून ठेवलास. आणि केतकीच्या बारशाला, हातात पेढा, समोर माझे सासरे, तू माझ्याकडे बघून म्हणालास, "मंद्या, इतक्यात कुणाच्या लग्नाला जाऊ नकोस." बस्स. मी घरी जाऊन वाचायला घेतलं आणि पानापानावर लग्नाची पत्रिका शोधत राहिलो. चार महिने बोललो नाही आपण. तुझा युक्तिवाद अजून तोच: "मी कुणाचं नाव घेतलं का?" नाव न घेता पेपर फुटत नाही असं तुला वाटतं? आमच्या वेळी गणिताच्या पेपराआधी सर नुसते "वर्तुळ बघून ठेवा" म्हणायचे.

नंतर तूच शहाणपणाने स्टेपलर काढलास, हेही लिहायला हवं. त्या पुस्तकांत प्रकरणाच्या डोक्यावर माणसाचं नाव असतं. पुढची पानं नुसती चाळली तरी कोण अजून हयात आहे ते कळतं. आणि मागे घराण्यांची यादी. पुढच्या पुस्तकातल्या यादीवर चुकून नजर गेली की मागच्यातलं कोण गेलं ते समजलंच. तू प्रत्येक यादीला दोन पिना मारून पुस्तक माझ्या हातात द्यायचास, सीलबंद मतपेटीसारखं. चौथ्यात म्हाताऱ्याने काही प्रकरणांना नावांऐवजी टोपणनावं दिली तेव्हा तू छाती फुगवून म्हणालास, "आपलं ऐकलं त्याने."

पुरात खालचा कप्पा भिजला. त्यात दासबोध, केतकीची गाइडं आणि आपली पुस्तकं. गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घातली, पानांत टाल्कम पावडर भुरभुरली. तिसऱ्याचा पहिला भाग फुगून डबल रोटी झाला. तुझ्या पिना गंजल्या, कागदावर दोन तपकिरी डाग सोडून आपोआप गळून पडल्या आणि यादी उघडी पडली. मी ती वाचली नाही. हसू नकोस. शेवट वाचून बसलेला माणूस यादी वाचत नाही म्हणजे, बायको पळून गेल्यावर घराला कुलूप लावण्यासारखं आहे, मान्य.

आता खरी गोम ऐक. मला जे कळलं तो पुस्तकाचा शेवट आहे का, हेच मला माहीत नाही. सिरियलवाल्या दोघांना म्हाताऱ्याने मुख्य मुख्य गोष्टी कानात सांगितल्या होत्या, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणजे मी पाहिलं त्यातलं काही त्याचं आणि काही त्यांचं. कुठलं कुणाचं, ते पुस्तक आल्याशिवाय कळायचं नाही. बरं, पुस्तक असतं आणि शेवट फुटला असता तर रात्रभर जागून वाचून काढलं असतं आणि चिडचिड संपवली असती. इथे पुस्तकच नाही. फुटलेला पेपर हातात, तोही खरा की खोटा ते माहीत नाही, आणि परीक्षेची तारीख चौदा वर्षं लागलेली नाही.

मला सगळ्यात टोचतं ते वेगळंच. शेवट कळल्याचं दुःख दोन आठवड्यांत ओसरलं. पण तुझा फोन वाजला की घशात आवंढा येतो. तू तुझ्या कल्पना सांगणार, हा राजा होईल, ती उलटेल, तो लांडगा परत येईल, आणि मी "हं" म्हणणार. त्या "हं" वरून तुला कळेल. तू माझं "हं" अठ्ठावीस वर्षं ऐकतोयस. कलाभवनच्या व्हायव्हाला मी "हं" म्हटलं तेव्हाही तुला कळलं होतं की मला काही येत नाही. म्हणून एक वर्ष मी तुझ्याशी बोललोच नाही. खोटं बोलावं लागेल म्हणून गप्प राहिलो आणि गप्प राहण्यासाठी फोन पुरात घालवला.

तुला ती मांडवीची सेंट्रल लायब्ररी आठवते? काचेची फरशी, डोक्यावर शिपायाच्या चपला दिसल्या की आपण कपाटामागे. तिथल्या रहस्यकथांत कुणीतरी हलकट पेन्सिलीने पहिल्याच पानावर लिहून ठेवायचा, "खुनी = दिवाणजी." मी खोडरबर घेऊन जायचो. तू रबर नको म्हणालास. तू दर पुस्तकात आणखी तीन-चार नावं वेगवेगळ्या अक्षरांत लिहून ठेवलीस: खुनी = डॉक्टर, खुनी = धाकटी सून, एकात तर खुनी = लेखक. महिन्याभरात त्या पेन्सिलवाल्यावर कुणी विश्वास ठेवेना.

तेच करतो. शनिवारी फोन उचलतो आणि एका दमात पाच शेवट सांगतो. चार मी इथे ओट्यावर बसून रचलेत, एकात सगळ्यांना मगर खाते. पाचवा काय आहे ते तू विचारायचं नाहीस आणि मी सांगायचा नाही. नको असेल तर "रॉंग नंबर" म्हणून ठेवून दे, मी समजून घेईन, चार महिने.

तुझं विचारायचं राहिलंच. ओंकारची अ‍ॅडमिशन झाली का? बावधनच्या फ्लॅटचं पझेशन? काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीआधी की नंतर? वैशालीवहिनींना लीलो चिवडो पाठवतो. तू एकट्याने संपवू नकोस.

तुझा,
मंद्या

ता. क. फुगलेला भाग कुरिअरने पाठवतोय, तुझ्याकडे असू दे. यादीला पुन्हा पिना मारल्यात. यावेळी चार.