मित्रास पत्र : काकूंना कामे करू दे

कोल्हापूर,
दि. ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. काकू न्हाणीघरात पाय घसरून पडल्या हे वाचून काळजात धस्स झाले. मुक्या मारावर निभावले, हाड शाबूत आहे, हे पुढच्या ओळीत वाचले तेव्हा कुठे जिवात जीव आला. तू लगोलग गुळगुळीत फरशी बदललीस, भिंतीला धरायला दांडी बसवलीस, रात्रभर जळेल असा दिवा लावलास, हे फार चांगले केलेस. मात्र त्याच पत्रात तू पुढे लिहिले आहेस, की आता काकूंना स्वयंपाकघरात पाऊल टाकू द्यायचे नाही, दिवसभरासाठी बाई ठेवली आहे, जिना उतरणे बंद आणि त्यांनी फक्त आराम करायचा. तुझी माया मला कळते, तरीही हा निर्णय मला पटलेला नाही, आणि त्यासाठीच हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

ओल्या फरशीवरून पाय तरुण माणसाचाही सरकतो, पण त्याच्या मांड्या आणि पोटऱ्या त्याला क्षणात सावरून धरतात; उतारवयात नेमकी तीच ताकद कमी पडते. चाळिशीच्या आसपासपासून स्नायू हळूहळू घटू लागतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. त्यात सक्तीच्या विश्रांतीची भर पडली, की काय होते ते पाहा. २००७ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना फक्त दहा दिवस अंथरुणावर ठेवले होते, तर तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतले स्नायू सरासरी जवळपास एक किलोने कमी झाले. काकू तर आधीच धसका घेऊन बसल्या असतील. एकदा पडलेले माणूस भीतीने कमी चालते, कमी चालल्याने पाय आणखी कमकुवत होतात आणि दुसऱ्यांदा पडण्याचा धोका वाढतो. हे चक्र तुला आत्ताच थांबवायचे आहे.

आमच्या आबांचे सांगतो. खुर्चीतून उठताना ते दोन्ही हातांनी जोर लावू लागले, तेव्हा मी त्यांना डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी त्यांना हात छातीवर बांधून अर्ध्या मिनिटात जितक्या वेळा उठता येईल तितक्या वेळा उठायला सांगितले आणि पायांतली ताकद उणावल्याचे निदान करून फिजिओथेरपीची चिठ्ठी दिली. तिथल्या ताईंनी व्यायामाचा कागद पुढे करताच आबांनी मान फिरवली. असली पोरखेळ कवायत आपल्याच्याने होणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. पण बोलता बोलता ताईंना कळले, की आबा उमेदीच्या वयात तालमीत जात असत. त्या म्हणाल्या, “मग आबा, खुर्चीवरच्या बैठका मारायच्या आहेत असं समजा.” एवढ्या एका वाक्याने काम झाले.

आता सकाळचा चहा झाला, की आबा सागवानी खुर्ची स्वतः भिंतीला टेकवून ठेवतात, म्हणजे ती मागे सरकत नाही. पावले जमिनीवर घट्ट रोवायची, हात छातीवर, श्वास सोडत उठायचे आणि बसताना धपकन न बसता सावकाश खाली यायचे. यातले हे सावकाश बसणेच सर्वांत मोलाचे आहे, कारण तेव्हा मांड्यांना खरे काम पडते. वस्ताद मोजत तसे ते मोठ्याने मोजतात आणि स्वयंपाकघरातून आई एखादा आकडा गाळल्याची तक्रार करते. नंतर ओट्याला धरून आळीपाळीने एका पायावर उभे राहायचे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० सालची शिफारसही अशीच आहे: पासष्टीपुढच्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे चालण्यासारखी हालचाल करावी आणि शिवाय निदान तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम करावेत. नुसत्या चालण्याने भागत नाही, हे बहुतेक घरांत ठाऊकच नसते. आबा संध्याकाळी रंकाळ्यावर फेरी मारतात, पण कपिलतीर्थ मंडईतून भाजीची पिशवी स्वतः उचलून आणण्याचा आत्मविश्वास त्यांना बैठकांनी दिला, असे माझे ठाम मत आहे.

आता खाण्याविषयी. संध्याकाळी काकू दूधभातावर भागवतात, असे तू लिहिले आहेस. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या शिफारशीनुसार प्रौढांना वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे पन्नास ग्रॅम. वृद्धांना याहून थोडी जास्तच हवीत, असे अनेक तज्ज्ञ मानतात. पातळ वरणाच्या वाटीत असून असून किती असणार? आमच्याकडे आईला दात त्रास देतात म्हणून मोड आलेले मूग मऊ शिजवतो, भाजीत दाण्याचे कूट सढळ हाताने घालतो आणि दुपारच्या जेवणात दही चुकवत नाही. काकूंना मूत्रपिंडाचा काही विकार असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काही वाढवू नकोस. ‘ड’ आणि ‘बी १२’ या जीवनसत्त्वांची तपासणीही एकदा करून घे.

आणखी एक महत्त्वाचे. पडण्याआधी त्यांना उठताना अंधारी आली होती का, हे तू लिहिलेले नाहीस. त्या रक्तदाबाची गोळी घेतात. थोडा वेळ आडवे झोपवून रक्तदाब मोज, मग उभे राहिल्यावर एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोज. वरचा आकडा वीस किंवा खालचा दहाने उतरत असेल, तर सगळ्या औषधांची यादी घेऊन डॉक्टरांना भेट. स्वतःहून गोळी बंद करू नकोस.

बाई ठेवल्या आहेत त्या राहू देत. जड भांडी, धुणे, फरशी त्यांच्याकडे असावी. पण आमटीला फोडणी, भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या, देवपूजा ही काकूंचीच कामे आहेत, ती त्यांना परत दे. मार ओसरला आणि डॉक्टरांनी होकार दिला, की जिनाही कठड्याला धरून, तू एक पायरी खाली थांबून, रोज एकदा उतरव. साऱ्या चाळीला पुरणपोळी खाऊ घालणाऱ्या बाईला दिवसभर पलंगावर बसवून ठेवले, तर तिचे पायच नव्हे, मनही खचेल, आणि ती तुला शब्दानेही बोलणार नाही.

रक्तदाबाचे दोन्ही आकडे मला फोनवर कळव. बैठका नीट कशा घालायच्या, हे आबा स्वतः काकूंना व्हिडिओ कॉलवर दाखवणार आहेत; रविवारी सकाळी नऊनंतर फोन लाव. काकूंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
कोल्हापूरचा मित्र