किती बाण उरलेत?

बाई,

साष्टांग नमस्कार.

तिरंदाजी शिकवल्याबद्दल फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही "किती बाण उरलेत?" असं विचारून विषय तोडता. मागच्या रविवारी पण तेच झालं. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. इथे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही. नात वाचून दाखवेल तेव्हा तिलाही मध्येच थांबवू नका. शिवाय हौसेने धनुष्य घेऊन वर्षभरात ते माळ्यावर टाकलेली मंडळी नाशकात मला अधूनमधून भेटतात. त्यांच्यातल्या एखाद्याच्या वाचनात आलं तर तेही बरंच.

तुम्ही भेटायच्या आधीचं तुम्हाला अर्धंच माहीत आहे, ते आधी सांगून टाकतो. 2021 मध्ये मी ऑनलाइन एक रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, धनुष्य मागवलं, ओढायला पंचेचाळीस पौंडांचा जोर लागणारं. इतकं का, तर आकडा मोठा दिसला म्हणून. ना नेमासाठी साइट, ना तोल धरायला स्टॅबिलायझर. नुसतं लाकूड, दोरी आणि मी. नाशिकजवळ गिरणाऱ्याला मेहुण्याच्या शेततळ्यामागे पडीक पट्टा आहे आणि तळ्याचा बांध पुरुषभर उंच, त्यामुळे बाण अडायची सोय आयतीच होती. दोन वर्षं आम्ही तिथे नुसता धुडगूस घातला. बिसलेरीच्या बाटल्या, बाजारभाव पडल्यावर फेकलेले टोमॅटो, एकदा तर मेहुण्याची जुनी चप्पल. एक बाण दगडावरून उसळून बांधापलीकडे गेला आणि शेततळ्याच्या कागदाला भोक पडलं. त्याचे पैसे मी भरले, पण मेहुण्याच्या बोलण्यात ते भोक अजून बुजलेलं नाही.

मजा होती, हे मी नाकारत नाही. फक्त दोन वर्षांनंतरही मी पहिल्या दिवशी मारत होतो तसाच मारत होतो, आणि उजवा खांदा रात्री ठणकायचा.

मग 2023 चा ऑगस्ट आला. बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची सतरा वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले. ओजसने अंतिम सामन्यात पंधरा बाणांत 150 पैकी 150 मारले. ती कंपाउंडची स्पर्धा. तिथे धनुष्याला चाकं असतात, नेमाला भिंग असतं, दोरी सोडायला हातात यंत्र असतं. मला हे सगळं माहीत होतं, तरी डोक्यात 150 शिरले ते शिरलेच. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मी क्वालिटीमध्ये, म्हणजे माल तपासायच्या खात्यात, काम करतो. आकडा दिसला की आमच्या हाताला खाज सुटते. दुसऱ्या दिवशी एक्सेल उघडलं. अठरा मीटर, रोज शंभरावर बाण, प्रत्येक फेरीचे गुण, सरासरी, कमी-जास्तीतला फरक, ग्राफ. दिवाळीपर्यंत ग्राफ चढला. मग सपाट झाला. मग उतरायला लागला, तसे मी बाण वाढवले.

आणि मग ते सुरू झालं. नेम टार्गेटच्या मधल्या पिवळ्यावर आला रे आला की बोटं आपोआप सुटायची. हात गालापर्यंत पोचलेलाही नसायचा. कधी उलटं व्हायचं. बाणाचं टोक पिवळ्याच्या खाली टीचभर अडकायचं आणि काही केल्या वर जायचं नाही. याला टार्गेट पॅनिक म्हणतात आणि ते भल्याभल्यांना होतं, हे मी नंतर वाचलं. तेव्हा वाटायचं की हात आपला राहिलेला नाही. घरी आलो की बायको विचारायची, "शेतावरून आलास की ऑडिटवरून?"

डिसेंबरात शेजारच्या मळ्यात हुरड्याला तुम्ही आला होतात. शेजाऱ्यांची आत्या, एवढीच तुमची ओळख. मी मारत होतो, आणि तुम्ही पाठीमागे हात बांधून उभ्या होतात. बाराच्या बारा बाण संपेपर्यंत एक शब्द नाही. येणारा प्रत्येक माणूस विचारतो तसं "किती लांब जातो हो हा?" असंही विचारलं नाहीत. बाण काढून परत आलो तेव्हा म्हणालात, "कंटाळा आलाय का रे तुला?"

मी म्हटलं, "नाही, आवड आहे."

"मग तोंड असं का? दाढ काढायला आल्यासारखं?"

मला राग आला होता, बाई. आज कबूल करतो. तुम्ही शाळेत खेळाच्या बाई होतात, इंडियन राउंड या आपल्याकडच्या स्पर्धाप्रकारासाठी बांबूच्या धनुष्यावर 50 आणि 30 मीटरला पोरी तयार केल्यात, हे मला हुरडा खाताना शेजाऱ्यांकडून कळलं. त्यानंतरच्या रविवारी तुम्हाला आणायला मी गाडी घेऊन आलो तो त्या रागाची भरपाई म्हणूनच.

पहिलं काम तुम्ही टार्गेटचा कागद काढून घडी करून पर्समध्ये टाकण्याचं केलंत. दुसरं, माझं धनुष्य गाडीत ठेवायला लावलंत आणि स्वतःचं हातात दिलंत. मानवेलीच्या बांबूचं, अठ्ठावीस पौंडांच्या आसपासचं, मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळलेली. मग भाताच्या पेंढ्यापुढे तीन पावलांवर उभं करून म्हणालात, "डोळे मिट आणि मार."

तीन पावलांवरून पेंढा चुकणं शक्यच नव्हतं. त्यामुळे नेमाचं काही कामच उरलं नाही. डोळे मिटले तेव्हा पहिल्यांदा कळलं की दोरी ओढताना माझा डावा खांदा कानाला जाऊन भिडतो. दोन वर्षांत हजारो वेळा भिडला असणार. दोरी सुटल्यावर उजवा हात मागे जायच्या ऐवजी पुढे झेप घेतो, जणू बाण परत मागायचा आहे. पाठीचा जो स्नायू ओढण्याचं काम करतो तो मला सापडतच नव्हता. तुम्ही दोन बोटं खांद्यामागच्या हाडावर ठेवून म्हणालात, "इथून. मनगटाने रहाट ओढतोस का?"

अंगठ्याचंही तेव्हाच निघालं. भिल्ल लोक एकलव्याची आठवण म्हणून दोरीला अंगठा लावत नाहीत असं सांगतात, हे मी मोठ्या ऐटीत तुम्हाला सांगितलं. तुम्ही माझ्याच हाताकडे बोट दाखवलंत. तीन बोटांनी ओढताना अंगठा माझाही रिकामाच होता. तुर्क-मंगोलांकडे मात्र अंगठ्यात जाड कडी घालून अंगठ्यानेच ओढायची रीत. म्हणजे द्रोणाचार्यांनी मागितलं ते नक्की काय होतं, यावर आपण चहाचे दोन कप घालवले. निकाल लागला नाही.

पण मी ज्याचे आभार मानायला बसलोय ते यापुढचं आहे. जानेवारीत तुम्ही तो कागद पर्समधून काढून परत लावलात. मी खूश झालो. तुम्ही म्हणालात, "ओढ, गालाला हात टेकव, पिवळ्यावर नेम धर, तीन आकडे मोज आणि खाली उतरव. सोडायचा नाही." दहापैकी सहा वेळा बाण सुटला. सहाव्यांदा मी "सॉरी" म्हटलं, तर म्हणालात, "मला कशाला, त्या पेंढ्याला म्हण." तीन आठवडे आपण एवढंच केलं. थंडी अशी की टॅबमधली, म्हणजे दोरी लागू नये म्हणून घालायच्या चामड्याच्या तुकड्यातली, बोटं बधिर. शेजारी बसून तुम्ही स्वेटर विणत होतात आणि मी बाण न मारण्याचा सराव करत होतो. मेहुण्याने विचारलं, "दाजी, दोरी खराब झाली का?"

मग पुढची पायरी. मी ओढून गालाला टेकवायचं, आणि सोडायचं की उतरवायचं ते तुम्ही सांगायचं. "उतरव." "उतरव." "सोड." "उतरव." त्यात एकदा तुम्ही "सोड" म्हणालात आणि बाण गेला, आणि कुठे लागला ते बघायचं मी विसरलो. मला फक्त दोरी सुटल्याचं कळलं होतं, हात मानेपर्यंत मागे आलेला होता. तुम्ही सुया खाली ठेवल्यात. काही बोलला नाहीत, पण सुया खाली ठेवल्यात.

त्यानंतर दर रविवारी धनुष्याला दोरी चढवण्याआधी एकच प्रश्न असायचा, "आज काय बघायचंय?" पहिल्यांदा मी म्हटलं, "आज चांगलं मारायचं." तुम्ही म्हणालात, "आज चांगलं जेवायचं म्हटलं की स्वयंपाक होतो का? भाजी कुठली ते सांग." मग मी शिकलो. आज डावा खांदा खाली. आज फक्त उजव्या हाताचं मागे जाणं. आज सोडल्यावर बाण लागेपर्यंत धनुष्य जागचं हलू द्यायचं नाही. एका दिवसाला एकच. दुसरी चूक दिसली तरी तिला पुढच्या रविवारची तारीख द्यायची. वहीत गुण लिहायचे नाहीत, एक ओळ लिहायची. बाई, माल तयार झाल्यावर तपासून त्यात क्वालिटी येत नाही, ती बनवतानाच यावी लागते, हे मी कंपनीत नव्या पोरांना शिकवतो. पगार घेऊन शिकवतो! आणि शेतावर मात्र चार महिने नुसता तयार माल मोजत बसलो होतो.

बाणांचं थोडक्यात सांगतो, कारण हे वाचणाऱ्या कुणाची तरी तीच चूक होत असेल. हलकं धनुष्य घेतल्यावर माझे जुने बाण सगळे डावीकडे जायला लागले. मी पुन्हा स्वतःलाच दोष द्यायला बसलो. तुम्ही एक बाण दोन हातांत धरून वाकवून बघितलात आणि म्हणालात, "हा फार ताठ आहे." सुटलेला बाण धनुष्याला वळसा घालताना वाकतो, मग सरळ होतो. धनुष्याच्या जोराला तो बाण ताठ पडला तर पुरेसा वाकत नाही, आणि उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे जातो. मऊ काड्यांचे बारा बाण घेतले, टर्कीची पिसं लावलेले. प्लास्टिकचे पंख धनुष्याला घासले की बाणाला झटका देतात, पीस दबून निघून जातं. चूक माझी नव्हती असं निघालेला तो एकमेव रविवार.

आणि हुंदडणं! त्याशिवाय हे पत्र अपुरं. चाळीसेक बाण झाले की, मी कितीही "अजून एक फेरी" म्हटलं तरी, तुम्ही उठायचात. "चल, आता हुंदडू." बोथट टोकाचे बाण घेऊन पडीक रानात फिरायचं. वाळलेली शेणी, वेलावर राहून गेलेला भोपळा, बांधावरचं एक पिवळं पान. अंतर मोजायचं नाही. ज्याचा लागेल त्याने पुढचं निशाण ठरवायचं. तुमचा लागला की तुम्ही हटकून बाभळीच्या दोन फांद्यांमधून दिसणारं काहीतरी निवडायचात, गुडघ्यावर बसून मारावं लागेल असं. हे चीटिंग होतं, हे मी इथे जाहीरपणे नोंदवतो. पण सकाळी बघितलेला खांदा इथे, हसता हसता, न सांगता खाली राहायचा. माझा नऊ वर्षांचा पोरगा यातच आला आणि तुमचे नियम त्याला माझ्याआधी पाठ झाले. मारणाऱ्याच्या पुढे कोणी जायचं नाही, आभाळाकडे बाण नाही, सगळ्यांचे मारून झाल्याशिवाय आणायला पळायचं नाही. अशा फिरण्यात बाण गवताखाली सरकून गडप होतात. तुम्ही चप्पल काढून पायाने चाचपडत शोधायचात.

एका बाबतीत मी तुमचं ऐकत नाही, तेही सांगून टाकतो. महिन्याच्या पहिल्या रविवारी मी अजून गुण लिहितो. एक्सेलमध्येच. तुमच्या मते ते खूळ आहे, पण मला आकड्यांशिवाय करमत नाही, बाई. एवढं मात्र करतो की त्या दिवशीही शेवटचा बाण तीन पावलांवरून, डोळे मिटून, पेंढ्यात.

तर उत्तर. गेल्या पाडव्याला तुम्ही लेकीकडे कोल्हापूरला गेलात तेव्हा नऊ होते. आता माझे सात उरलेत. पण ऑक्टोबरात गोडी छाटणीला आलेल्या बायकांना द्राक्षाच्या शेवटच्या ओळीत, बांधाच्या बुडाशी रुतलेला एक बाण सापडला. बांबूचा, पिवळ्या पिसांचा. तुम्ही "गेला तो गेला" म्हणून सोडून दिलेला तोच. पिसं वाळवीने खाल्लीत, कांडी जरा वाकली होती ती चुलीवर शेकून सरळ केली, पोराने नवी पिसं चिकटवलीत. एक उलटं लागलंय. कुरिअरवाल्याने "हत्यार आहे" म्हणून घ्यायला नकार दिला. नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघं कोल्हापूरला येतोय, तेव्हा घेऊन येतो. लेकीच्या गच्चीवर पेंढा ठेवायला जागा आहे का, तेवढं विचारून ठेवा.

तुमचा,
गिरणाऱ्याचा दाढ काढायला आलेला