मामांच्या रिपोर्टात आधी पीसीव्ही बघा

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, मामांचे रिपोर्ट पाहिले. प्लेटलेट ६२ हजार वाचून मामी घाबरली असणारच. पण डेंग्यूत पेशंट कुठल्या वाटेने चाललाय, हे पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का, जास्त लवकर सांगतो. रिपोर्टात तो हिमॅटोक्रिट नावानेही असतो. या आजारात बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपतं, तांबड्या पेशी आतच राहतात. रक्त घट्ट होतं, पीसीव्ही चढतो. मामांचा सुरुवातीला ४१ होता. २० टक्के वाढ म्हणजे ४९, पण तिथवर थांबू नका. ४५-४६ दिसला तरी ड्युटी डॉक्टरांना लगेच दाखवा.

दिवस मोजताना अ‍ॅडमिट झाल्यापासून मोजू नका, पहिला ताप आला तेव्हापासून मोजा. तिसऱ्या ते सातव्या दिवसात ताप उतरतो आणि नेमके तेच २४ ते ४८ तास जोखमीचे. ताप गेला म्हणून डिस्चार्जची घाई नको. पोटात सतत दुखणं, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, गुंगी यांपैकी काहीही दिसलं तर सिस्टरना तेव्हाच सांगा. बीपीत वरचा आणि खालचा आकडा जवळ येत गेले, म्हणजे १००/८० सारखं दिसलं, तर तेही गंभीरच.

पीसीव्ही खाली आला तरी लगेच हुश्श करू नका. नाडी शांत, बीपी ठीक, लघवी भरपूर असेल तर झिरपलेलं पाणी परत येतंय, बरं होण्याची खूण. तेव्हा सलाईन कमी करावं लागतं, नाहीतर छातीत पाणी साचून धाप लागते. पण नाडी जलद आणि बीपी पडतंय, तर आत कुठेतरी रक्तस्राव असू शकतो.

रक्त काढताना लक्ष द्या. सलाईन ज्या हाताला चालू आहे, त्याच हातातून घेतलं तर नमुना पातळ होतो आणि पीसीव्ही खोटा कमी येतो. दुसऱ्या हातातून घ्यायला सांगा. प्लेटलेट एकदम घसरल्या तर स्लाइडवर मोजून खात्री केली का, विचारा. नळीत त्यांच्या गुठळ्या झाल्या की मशीन कमी मोजतं. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली गेल्याशिवाय साधारणपणे प्लेटलेट चढवत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय रक्तपेढीत धावाधाव नको. पांढऱ्या पेशी आधी वाढू लागतात, प्लेटलेट मागून. एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरचे आकडे थोडे वाढणं नेहमीचं. हजारावर गेले तर मात्र आजार गंभीर धरतात.

लघवी मापाच्या भांड्यात मोजून लिहा. मामांचं वजन ७० किलो, म्हणजे तासाला किमान ३५ मिली हवी, सहा तासांत २०० च्या वर.

आई, पपईच्या पानांचा रस कोणी आणून दिला तरी पाजू नकोस, मळमळीत उलटी वाढेल. ओआरएस, पेज, नारळपाणी घोटाघोटाने चालेल, पण मामांना मधुमेह आहे, तेव्हा साखर तपासत राहायला सांग. ब्रूफेन, अ‍ॅस्पिरिन अजिबात नको. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखव. आणि तू तिथे दिवसभर बसतेस, डेंग्यूचा डास मुख्यतः दिवसा चावतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाल, मामांना मच्छरदाणीत ठेवा.

बाबा, मुंबई नाक्यावरून रात्री स्कूटरने येऊ नका, पावसात खड्डे दिसत नाहीत. उद्याचा रिपोर्ट आला की पीसीव्ही, प्लेटलेट, पांढऱ्या पेशी, बीपी आणि लघवी एवढे पाच आकडे वेळेसकट पाठवा.

तुमची,
मनू